फोर्कलिफ्ट घ्यायची आहे: डिझेल की बॅटरीवरची?

पुठ्ठेवाला, सोमवार, रात्री ९:५२

मंडळी, नमस्कार. पाककृती आणि राजकारण यांच्या मधेच हा रुक्ष धागा काढतोय, सांभाळून घ्या. पण इथे कारखानदार, फिटर, गोदामवाले असे बरेच जण गुपचूप वाचत असतात हे मला ठाऊक आहे.

आमचा भोसरीत कोरुगेटेड खोक्यांचा कारखाना आहे, लहानच. क्राफ्ट पेपरचे रीळ येतात, एकेक ६०० ते ९०० किलोचा. ते ट्रकमधून उतरवायचे, गोदामात एकावर एक उभे करायचे, तिथून मशीनला न्यायचे आणि संध्याकाळी खोक्यांचे गठ्ठे गाडीत भरायचे. हे सगळं एक अडीच टनी डिझेल फोर्कलिफ्ट गेली चौदा वर्षं करतेय. आमचे ऑपरेटर मामा (नातं काही नाही, सगळेच मामा म्हणतात) तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळतात.

पण आता ती धूर ओकते. शिलाई आणि पेस्टिंगच्या बायका तोंडाला पदर लावून बसतात. मागच्या महिन्यात एका औषध कंपनीचा ऑडिटर आला होता. त्याने पांढऱ्या पेपरच्या रिळावर बोट फिरवलं आणि ते काळं बोट मला दाखवलं. बोलला काहीच नाही. रिपोर्टात मात्र बोलला.

कोटेशनं मागवली. डिझेल आणि बॅटरीवाली यांत साधारण चार लाखांचा फरक आहे. डिझेलवाला म्हणतो, बॅटरी दोन वर्षांत बसते. बॅटरीवाला म्हणतो, डिझेल म्हणजे पैसे जाळणं. दोघांपैकी एकानेही आमच्या गोदामाचा दरवाजा ओलांडलेला नाही.

गेटपासून गोदामापर्यंत चढ आहे आणि दर गुरुवारी लाईट जाते, हेही सांगून ठेवतो. काय करू?

चहाबाज, सोमवार, रात्री १०:०५

पहिला नंबर! विषयातलं शष्प कळत नाही, पण वाचतोय. ऑडिटरचं बोट आवडलं.

फिटरकाका, सोमवार, रात्री १०:३१

तीस वर्षं फोर्कलिफ्टखाली पाठीवर झोपून काढली आहेत म्हणून बोलतो. आधी एकच सांगा. तुमच्या गाडीचा आवर मीटर (गाडी किती तास चालली ते मोजणारा) वर्षाला किती सरकतो? पाळी किती तासांची ते नको, मीटर सांगा. "आमची गाडी दिवसभर पळते" असं सगळेच म्हणतात, आणि मीटर बघावा तर दिवसाचे अडीच तास निघतात.

पुठ्ठेवाला, सोमवार, रात्री १०:५८

सर्व्हिसची वही मामांच्या अक्षरात आहे, लावायला वेळ लागला. गेल्या वर्षभरात ११८० तास.

फिटरकाका, सोमवार, रात्री ११:४०

१२०० धरू. रोजचे चार.

अडीच टनी डिझेल गाडी असल्या कामाला तासाला अडीच लिटरच्या आसपास पिते. तुमची धूर सोडतेय म्हणजे थोडं जास्तच पीत असेल, ते सोडून देऊ. वर्षाला ३००० लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर २ लाख ७० हजार.

तेवढंच काम बॅटरीची गाडी तासाला साडेचार युनिटांत करते. पण हे बॅटरीतून निघणारे युनिट. विजेच्या मीटरवर सहा पडतात, कारण लेड ॲसिड बॅटरी भरताना चौथा हिस्सा गरम होण्यात जातो. विक्रेता साडेचारचं गणित दाखवतो, बिल सहाचं येतं. वर्षाला ७२०० युनिट, युनिटला दहा रुपये धरा, ७२ हजार. शिवाय डिझेलला दर २५० तासांनी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, अधूनमधून फॅन बेल्ट, रेडिएटर, सेल्फ. बॅटरीवालीला यातलं काही नाही. चेन, मास्टचे (काटे ज्यावरून वर-खाली जातात त्या उभ्या खांबांचे) बेअरिंग, हायड्रॉलिक तेल, टायर हे मात्र दोघींना सारखंच, त्यात फसू नका.

म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या जवळपास वाचतात आणि वरचे चार लाख दोन वर्षांत फिटतात. हाच मीटर वर्षाला ३०० तास असता तर आठ वर्षं लागली असती. मग मी तुम्हाला जुन्या गाडीचा डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला (तपासून नीट जुळवायला) द्या म्हणालो असतो आणि झोपलो असतो.

आता बॅटरीकडे. ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २८.८ युनिट. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे २३. साडेचारने भागा, आवर मीटरचे पाच तास. तुमचे चार, बसतंय. दिवाळीच्या आधी दोन पाळ्या लावाल तेव्हा बसणार नाही. अशी बॅटरी १२०० ते १५०० वेळा भरते-उतरते. रोज एकदा धरलं तर चार-पाच वर्षं. मग नवी घ्या. तो खर्च आजच वहीत लिहून ठेवा, नाहीतर पाचव्या वर्षी बॅटरीवाल्याला शिव्या द्याल.

गोदामवाला, मंगळवार, सकाळी ७:१५

फिटरकाकांचं लेड ॲसिडवरचं प्रेम जुनं दिसतंय. :)

भिवंडीत आमच्याकडे तीन पाळ्या चालतात. पूर्वी एका गाडीला दोन बॅटऱ्या होत्या. एक गाडीत, एक चार्जिंगला. बॅटरी साधारण टनाची. रोलर स्टँडवर सरकवून बदलायची. पाळी संपताना थकलेल्या माणसाकडून हे काम करून घ्यायचं म्हणजे कुणाची तरी बोटं जाणार याची वाट बघणं. आता लिथियम घेतल्या. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास, चहाला पंधरा मिनिटं, केबल लावली की झालं. पाणी नाही, ॲसिड नाही, वास नाही. लेड ॲसिड आठ तास चार्ज करा, मग थंड होऊ द्या, हा संसारच संपला.

महाग आहे, हे खरं. पण दोन बॅटऱ्या, चार्जिंगची खोली आणि बदलायला माणूस हे सगळं धरलं तर तीन पाळ्यांना लिथियमच स्वस्त पडते.

फिटरकाका, मंगळवार, सकाळी ८:०२

तीन पाळ्यांना. बरोबर. धागालेखकाची एक पाळी आहे.

आणि एक सांगून ठेवतो, जुनी लेड ॲसिड काढून त्या जागी लिथियम बसवणारे हल्ली फार फिरतात. ती टनाची बॅटरी म्हणजे गाडीचं मागचं वजन. पुढे माल, मागे बॅटरी, मधे पुढचं चाक, तराजू आहे तो. लिथियम हलकी. वजन भरून न काढता बसवली तर माल उचलल्यावर मागची चाकं जमीन सोडतात. बॅटरीचं किमान वजन किती हवं ते गाडीच्या नेमप्लेटवर छापलेलं असतं. बघायचं कष्ट कुणी घेत नाही.

शिरोलीकर, मंगळवार, सकाळी ९:२०

आमची शिरोलीत फौंड्री. राव, इथं येऊन बघा एकदा. काळी वाळू गुडघ्यापर्यंत, यार्डात खड्डे, जूनपासून धो धो पाऊस, आणि कास्टिंगचे बिन चार-चार टनांचे. मी दोन वर्षांमागं हौसेनं एक बॅटरीवाली आणली. वाळू कंट्रोलरच्या पंख्यात जाऊन बसायची, आणि पावसात सेन्सर रुसायचा. आठवड्यातनं एकदा तरी कंपनीच्या माणसाला फोन. त्यो पुण्यातनं येणार, लॅपटॉप जोडणार, एरर कोड वाचणार. डिझेलला काय, माझा फिटर बिडी विझवून येतो, हातोडी मारतो, चालू.

मी डिझेलच म्हणणार. पाच टनी आहे, पंधरा वर्षं झाली, अजून चढावर मागं हटत नाही.

द्राक्षवेल, मंगळवार, सकाळी १०:१०

शिरोलीकर दादा, तुमच्या यार्डात मीही डिझेलच घेतली असती. पण यार्डाचं उत्तर सगळ्यांना लावू नका.

आमचं तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, मी आणि भाऊ बघतो. आत डिझेल नेण्याचा प्रश्नच येत नाही. बंद खोली, ४ अंशांच्या आसपास तापमान, आणि बेदाणा वास ओढून घेतो. सौद्याच्या दिवशी व्यापारी बॉक्स फोडून आधी नाकाला लावतो, मग तोंडात टाकतो. धुराचा वास आला तर भाव तिथेच पडतो.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. बाहेर पाच तास चालणारी गाडी आत चारच्या आसपास थकते. दुसरं म्हणजे आतून बाहेर आणली की अंगाला घाम फुटतो, म्हणजे गाडीच्या. वायरिंगच्या जोडांवर पाणी धरतं. आम्ही आतली गाडी आतच ठेवतो, फक्त चार्जिंगला बाहेर काढतो. बाहेर गाड्या भरायला जुनी डिझेल आहे. दोन गाड्या, दोन स्वभाव.

चहाबाज, मंगळवार, सकाळी १०:३५

"गाडीला घाम फुटतो." वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका: गॅसवर चालणारी नसते का? रिक्षा चालते, मग ही का नाही?

बे_एरियाकर, मंगळवार, सकाळी १०:५५ (आमच्याकडे रात्र)

असते ना. इथे अमेरिकेत गोदामांत ऑपरेटरच्या पाठीमागे आडवा प्रोपेनचा सिलिंडर लावलेल्या फोर्कलिफ्ट सर्रास दिसतात. रिकामा झाला की पाच मिनिटांत दुसरा. डिझेलइतकी काजळी नाही, पण कार्बन मोनॉक्साइड आहेच, त्यामुळे हवा खेळती लागते. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये ठराव करून या गॅस-पेट्रोलवाल्या फोर्कलिफ्ट टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम मंजूर केला, शेवटचा टप्पा २०३८ चा. गंमत म्हणजे त्या नियमात डिझेल नाही, तिला वेगळे नियम आहेत. आमच्या गोदामाच्या मालकाने तो नियम वाचून डिझेल घेण्याचा विचार बोलून दाखवला होता. जुगाड ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही.

फिटरकाका, मंगळवार, सकाळी ११:१५

चहाबाज, इकडे गॅसवाल्या कमी, सिलिंडर आणि सुटे भाग दोन्हींची वणवण. आणि कुणी घरगुती सिलिंडर लावायची आयडिया सुचवली तर त्याला माझ्याकडे पाठवा.

सुईदोरा, मंगळवार, दुपारी १:४०

मी परिचारिका आहे, फोर्कलिफ्टमधलं कळत नाही. पण "बायका तोंडाला पदर लावून बसतात" हे वाक्य वाचून राहवलं नाही. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या पहिल्या गटात, त्याच गटात. पदराने काजळीचे बारीक कण अडत नाहीत. चर्चा दोन लाख वाचतात का यावर चाललीय म्हणून आठवण करून दिली. राग नसावा.

पुठ्ठेवाला, मंगळवार, दुपारी २:०५

राग कसला ताई. मी ते वाक्य लिहून पुढे ऑडिटरवर गेलो, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

अर्धवट_सीए, मंगळवार, दुपारी ४:३०

थोडं कराचं. फोर्कलिफ्टवर जीएसटी १८ टक्के, आणि त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या जीएसटीच्या देण्यातून वजा होते. प्रवासी गाड्यांना जी अडवणूक आहे ती हिला लागत नाही. त्यामुळे कोटेशनं जीएसटी वगळून ताडून बघा. तुमचा चार लाखांचा फरक करासकट असेल तर खरा फरक ३ लाख ४० हजारांच्या आत आहे.

डिझेल जीएसटीत नाही. त्यावरचा कर परत मिळत नाही, थेट खर्चात जातो. वीजही जीएसटीबाहेर, म्हणजे तिथेही क्रेडिट नाही, पण रक्कमच लहान. पाचव्या वर्षी नवी बॅटरी घ्याल तिच्यावरचं क्रेडिट मात्र मिळेल.

आणि महावितरणचं बिल नुसतं युनिटांचं नसतं. चार्जर सहा-सात किलोवॅटचा. तो मशिनं चालू असताना लावलात तर डिमांड (एका वेळी ओढलेला भार) वाढेल. कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या (महावितरणशी ठरलेल्या भाराच्या) वर गेलात तर दंडाचा दर. रात्री स्वस्त वीज असते हे जुन्या आठवणीवर धरून चालू नका, ताज्या बिलाच्या मागचा वेळेनुसार दराचा तक्ता बघा. सवलतीचे तास आता दिवसाकडे सरकलेत.

शिरोलीकर, मंगळवार, सायं ५:१२

दिवसा स्वस्त, आणि दिवसाच गाडी कामावर. म्हंजे जेवणाच्या सुट्टीत चार्जिंग करणारी लिथियमच पाहिजे म्हणा की!

गोदामवाला, मंगळवार, सायं ५:२०

मी सकाळपासून काय वेगळं म्हणतोय, भावा?

फिटरकाका, मंगळवार, रात्री ९:०५

म्हणा. पण दोघांनाही एक प्रसंग सांगतो, कारण बॅटरी "दोन वर्षांत बसते" हे खोटं नाही. ती बसवली जाते.

एका कारखान्यात बोलावलं. दीड वर्षाची बॅटरी, गाडी दुपारी दोनला उभी. मी हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घेऊन बसलो. २४ सेल, एकेकाचं झाकण उघडायचं, नळीत ॲसिड ओढायचं, तरंगणारी काडी कुठे थांबते ते वाचायचं आणि खडूने झाकणावर लिहायचं. रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीत १.२८० च्या आसपास यायला हवं. १.२७०, १.२७५, १.२७०... सतराव्याला १.१८०. अठराव्यात काडी उठेचना. विसाव्यात डोकावलं तर प्लेटी उघड्या, वर पांढरी बुरशी. पाणी कोण भरतं विचारलं, तर रात्रीचा वॉचमन. कधी? चार्जिंगला लावायच्या आधी, काठोकाठ. आणि पाणी बोअरचं.

आधी काठोकाठ भरलं की चार्जिंगमध्ये ॲसिड फुगून बाहेर येतं, बॅटरीचा डबा कुजतो, आत राहतं ते पातळ. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटींवर बसतात ते वेगळंच. डिस्टिल्ड पाणी, चार्जिंग झाल्यावर, खुणेपर्यंत. एवढंच करायचं होतं. पण हे काम नेमकं कुणाचं, हे त्या कारखान्यात लिहिलेलंच नव्हतं. साडेतीन लाखांची बॅटरी गेली. वॉचमनच्या पगारातून कापायची चर्चा मालक माझ्यासमोर करत होता. मी चहा न घेता निघालो.

पुठ्ठेवाले, लेड ॲसिड घ्याल तर एक माणूस नेमा, त्याचं नाव भिंतीवर लिहा. आणि चार्जिंगची जागा रिळांपासून लांब करा. चार्जिंग संपत आलं की बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के साचला की ठिणगीला पुरतो. उघडी जागा, वर पंखा, आणि तिथे बिडी ओढायची नाही. तुमच्याकडे कागदाची धूळ आहे, तुम्हाला जास्त सांगायला नको. डिझेलवालीचा तापलेला सायलेन्सर त्याच धुळीतून चौदा वर्षं फिरतोय, त्याचाही विचार करा.

गोदामवाला, मंगळवार, रात्री ९:४०

काका, हे मान्य. लिथियम घ्यायचं एक कारण तेच आहे: माणसाने चुकायची जागाच कमी.

पुठ्ठेवाले, दोन गोष्टी ऑर्डरच्या आधी. तुम्ही रीळ काट्यांवर उचलता की क्लॅम्पने (दोन बाजूंनी दाबून धरणाऱ्या पंजाने)? क्लॅम्प असेल तर गाडीची क्षमता उतरते, कारण क्लॅम्पचं स्वतःचं वजन आणि माल पुढे सरकतो. अडीच टनी गाडी क्लॅम्प लावून आणि वर उचलून अडीच टनी राहत नाही. क्लॅम्पसकट नेमप्लेट मागून घ्या. क्लॅम्पसाठी जादा हायड्रॉलिक लाइन लागते, ती फॅक्टरीतूनच येऊ दे, मागाहून बसवलेली गळते.

दुसरं, कधी कंटेनर भरता का? २० फुटी साध्या कंटेनरच्या दाराची उंची २.२८ मीटर. मास्ट खाली असताना त्याहून कमी उंचीचा पाहिजे, आणि आत गेल्यावर मास्ट वर न जाता काटे वर जायला हवेत, म्हणजे फ्री लिफ्टवाला. आमच्या शेजाऱ्याने हे न बघता गाडी घेतली. आता कंटेनर आला की माणसं लावतो.

चहाबाज, मंगळवार, रात्री १०:१५

अवांतर: माणसं लावतो म्हणजे माथाडी ना? १९६९ चा कायदा, अण्णासाहेब पाटील वगैरे. फोर्कलिफ्टने उतरवलं तरी वारई (माल उतरवण्याची मजुरी) द्यावी लागते का?

गोदामवाला, मंगळवार, रात्री १०:२२

अवांतराचा वेगळा धागा काढा, तिथे मी तीन दिवस लिहीन.

पुठ्ठेवाला, पुढच्या शनिवारी, रात्री ८:३०

उशीर झाला, पण हात हलवत आलो नाही.

आज डेमो झाला. बॅटरीवाली आली, अडीच टनी, लेड ॲसिड. आधी मी आणि मामांनी पाण्याची नळी धरून गेटचा चढ मोजला. नऊ मीटरला ११० सेंटीमीटर, म्हणजे १२ टक्क्यांच्या वर. इतकी वर्षं त्याला "थोडासा चढ" म्हणत होतो. विक्रेत्याच्या कागदावर गाडीचा चढ १५ टक्के लिहिला होता, त्यामुळे तो निर्धास्त.

पहिला रीळ घेऊन झोकात चढली. माल चढाकडे ठेवून चढायचं, उतरताना मागे उतरायचं, मामांना सांगावं लागलं नाही. दुसरा, तिसरा. सहाव्या फेरीला मधेच मंदावली आणि पडद्यावर कासवाचं चित्र आलं. मोटर तापली होती. विक्रेता म्हणाला, "साहेब, १५ टक्के म्हणजे अधूनमधून." हे "अधूनमधून" कागदावर कुठे होतं ते त्याने बारीक अक्षरांत शोधून दाखवलं. होतं, खरंच.

गोदामात मात्र वेगळीच गाडी. आवाज नाही, धूर नाही, अरुंद गल्लीत जागच्या जागी वळते. पेस्टिंगच्या एक बाई म्हणाल्या, ही कधी आली कळलंच नाही. मला त्यात कौतुक ऐकू आलं, मामांना धोका. मामांचं बरोबर होतं. एका मुलीच्या पाठीमागे गाडी येऊन थांबली तरी तिला पत्ता नाही. मागे जमिनीवर निळा उजेड टाकणारी घ्यायची असं ठरलं.

आणि एक प्रसंग. मामा रीळ वर उचलताना पाय दाबत होते. डिझेलला काटे जोरात वर न्यायचे तर इंचिंग पेडल (गाडी जागेवर धरणारं) दाबून रेस द्यावी लागते, चौदा वर्षांची सवय. बॅटरीवालीला काटे उचलायला रेस लागत नाही, नुसता लिव्हर. मामांनी सवयीने रेसचा पाय दाबला, गाडी पुढे सरकली, रीळ रॅकच्या खांबाला टेकला. नुकसान काही नाही. पण मामा खाली उतरले, टोपी काढली आणि पाच मिनिटं पंख्याखाली जाऊन उभे राहिले. कोणी काही बोललं नाही.

फिटरकाका, शनिवार, रात्री ९:१०

हे लिहिलंत ते बरं केलंत. गाडीबरोबर ट्रेनिंग मागा, आणि ते अर्ध्या दिवसाचं नको. जुन्या माणसाला नवीन शिकवायचं नसतं, जुनं विसरवायचं असतं. आठवडा लागतो. पहिले दोन दिवस रिकाम्या पॅलेटवर.

द्राक्षवेल, शनिवार, रात्री ९:३०

गुरुवारच्या लाईटचं काय ठरवलं? जनरेटरवर बॅटरी चार्ज करू नका हं. डिझेल जाळून वीज, वीज बॅटरीत, बॅटरीतून गाडी. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात केलंय ते. महिन्याच्या शेवटी भावाने डिझेलचं बिल माझ्यासमोर ठेवलं आणि निघून गेला.

पुठ्ठेवाला, शनिवार, रात्री ९:५५

बुधवारी रात्री पूर्ण भरून ठेवायची, गुरुवारी लाईट आली की परत लावायची. गुरुवारी तसंही मशिनं बंद, रीळ फारसे हलत नाहीत.

ठरलं ते असं. विकत घेत नाही, आधी तीन महिने भाड्याने बॅटरीवाली, फक्त गोदामातल्या कामाला. गेटच्या चढाला आणि ट्रक उतरवायला जुनी डिझेल, ती आत येणार नाही. दाराशी पिवळा पट्टा मारलाय. चार्जरला वेगळा सब-मीटर बसवतोय, म्हणजे काकांचे सहा युनिट खरे की विक्रेत्याचे साडेचार ते कळेल.

शिरोलीकर, शनिवार, रात्री १०:०२

डिझेल ठेवली न्हवं? मग मी जिंकलो.

पुठ्ठेवाला, सव्वा महिन्यानंतर, रविवार, सकाळी ११:२०

धागा वर आणतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं.

महिन्याचा आवर मीटर ९६ तास. सब-मीटर ५७१ युनिट. तासाला ५.९५. फिटरकाका, दंडवत.

डिझेलवाली महिन्यात २१ तास चालली, सगळी चढावर. पंप उतरवून कॅलिब्रेशन करून घेतलं, धूर कमी झालाय, गेलेला नाही. औषध कंपनीचा ऑडिटर परवा परत आला. त्याने रिळावर बोट फिरवलं, बघितलं, आणि मग तेच बोट वरच्या पंख्याच्या पात्यावर फिरवलं. तिथे चौदा वर्षांचं डिझेल होतं. आता पंखे धुवायचे आहेत.

चढ फोडून लांब करायचा का, हाही विचार आहे. १२ टक्क्यांचा ७-८ टक्क्यांवर आणायचा तर पाच-सहा मीटर मागे जावं लागेल, आणि तिथे शेजाऱ्याचं शेड आहे. त्याबद्दल सिव्हिलवाल्या कुणाशी बोलायचंय. इथे कुणी आहे का?

मामा नव्या गाडीवर रुळले. पाय दाबायची सवय गेली म्हणतात. पण संध्याकाळी निघताना पाच मिनिटं डिझेलवाली सुरू करून बसतात. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगतात.

फिटरकाका, रविवार, सकाळी ११:४५

सेल्फची बॅटरी पाच मिनिटांत चार्ज होत नाही. पण तुम्ही त्यांना सांगू नका.